जुन्या रिळांतले गोमंतकीय कलावंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातले आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी लोकांच्या माळ्यांवरून फिल्मची रिळे उतरवतो, पुसतो, स्कॅन करतो आणि त्यांत कोण, काय दिसते ते वहीत लिहून ठेवतो. आमची संस्था नाही. विसाव्या शतकातले चित्रकार, मूर्तिकार, देवळांतली भित्तिचित्रे, घरांतले संग्रह यांतले जे काही हलत्या चित्रात सापडेल, त्यावर आमचा डोळा असतो. लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरे एकदाच लिहून टाकली.

चित्रकाराची चित्रे आहेत, फोटो आहेत. मग चित्रीकरणाचे एवढे काय?

चित्र पाहून हात कळत नाही. फ्रान्समध्ये साशा गीत्री यांनी १९१५ साली मोने, रेन्वार, रोदँ यांना काम करताना टिपले. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांत कुंचला धरून बसलेला रेन्वार एकदा पाहिला की त्याच्या उतारवयातल्या चित्रांकडे पूर्वीसारखे बघता येत नाही. चित्रकार एद्गार दगा यांनी चित्रीकरणाला नकार दिला होता. तो आपला रस्त्यावरून चालताना तेवढा सापडतो, आणि तेही चांगलेच झाले.

१९४६ साली मातिसचा हात संथ गतीत दाखवला गेला. कागदाला टेकण्याआधी कुंचला हवेत घुटमळतो, पुढे येतो, मागे जातो, जणू जागा विचारतोय. खुद्द मातिस ते पाहून अस्वस्थ झाला म्हणतात. १९५० च्या सुमारास हान्स नामुथ यांनी अमेरिकन चित्रकार पोलॉकला काचेवर रंग सांडायला लावून खालून कॅमेरा धरला. १९५६ च्या पिकासोवरच्या चित्रपटात कॅमेरा कागदाच्या पलीकडे होता, त्यामुळे रेघ आपोआप उमटत गेल्यासारखी दिसते. हे सगळे ठरवून, खर्च करून केलेले. आपल्याकडेही सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने काही चांगली कामे केली. हुसेन यांनी स्वतः केलेल्या लघुपटाला १९६७ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा पुरस्कार मिळाला, आणि दृष्टी गमावलेले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७२ साली लघुपट केला. पण ही यादी करायला बसलात तर गोव्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

मग गोमंतकीय चित्रकारांचे आहे तरी काय?

जितके असायला हवे त्याच्या मानाने थोडे. कारणे साधी आहेत. आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद १९३५ साली गेले. सांगे तालुक्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत नावाजला, तेव्हा चित्रकाराकडे कॅमेरा घेऊन जाण्याची पद्धतच नव्हती. त्यांची आणि त्यांची कन्या आंजेला यांची चित्रे आज पणजीला फोंताइन्यशमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत बघता येतात, पण हात बघता येत नाही.

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे सांत इस्तेव्हचे, म्हणजे जुव्याचे. शांतिनिकेतनात शिकले, ख्रिस्त आणि मेरी यांना भारतीय चेहरा, साडी, अंगण दिले, म्हणून गावच्या लोकांचा रोष ओढवून घेतला आणि आयुष्याचा मोठा भाग पुण्याच्या आश्रमात काढला. त्यांचा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) १९४९ साली लंडनला गेले. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे घराणे गोव्याचे, पण जन्म नागपूरचा आणि मुक्काम मुंबई-दिल्लीचा. त्यांच्यावर सुनील काळदाते यांनी १९९५ साली केलेला माहितीपट आहे, म्हणून निदान त्यांचा आवाज आणि बसणे-उठणे आपल्याकडे राहिले. एवढे अबोल माणूस कॅमेऱ्यासमोर बसले हेच मोठे. मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) पॅरिसला राहून परतले आणि गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मारियो मिरांदा (१९२६–२०११) लोटलीच्या आपल्या घरात राहिले. या दोघांच्या काळात घरोघरी व्हिडिओ कॅमेरे आले होते. म्हणजे पहिल्या पिढीसाठी रिळे शोधायची आणि दुसरीसाठी कॅसेटी.

सांगायचा मुद्दा हा की आपले चित्रकार बाहेर गेले, आणि कॅमेरा जिथे होता तिथे त्यांच्याबद्दल कुणी विचारले नाही. जो कॅमेरा गोव्यात आला तो चित्रकारासाठी आला नव्हता. तो आला लग्नासाठी, मुंजीसाठी, चवथीसाठी.

आमच्या घरच्या रिळांत कसला कलावंत असणार? लग्नाचे आहे ते.

हाच आमचा आवडता प्रश्न. आम्ही लग्न बघत नाही, लग्नामागची भिंत बघतो.

आफ्रिकेहून, आखातातून किंवा तारवावरून रजेवर आलेला काका आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन येतो आणि तासाभरात सगळी वाडी टिपून टाकतो. वधूवर मध्ये. उजव्या कोपऱ्यात दिवाणखान्यातले तैलचित्र, जे पुढे वाटणीत विकले गेले. डाव्या बाजूला शिसवी कोच, त्याच्यावर चिनी मातीचे ताट. मागे पडवीत गणपतीची मूर्ती रंगवत बसलेला माणूस, ज्याचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही, पण त्याची अख्खी हातोटी अकरा सेकंदांत दिसते. कुंचला मूर्तीच्या डोळ्याजवळ नेताना तो श्वास धरतो. ते आम्ही कितीदा बघितले आहे सांगता येत नाही.

आणि देवळे. कावी कलेची चित्रे, म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कांवेचा तांबडा थर देऊन तो खरवडून खालचा पांढरा दाखवायचा, ही कोकण-गोव्याची खास गोष्ट. जीर्णोद्धारात कित्येक देवळांनी या भिंती पाडल्या, फरशा बसवल्या, वर ऑइलपेंट मारला. दोष देत नाही, देवळात गळती होती आणि हाती पैसे आले होते. पण १९६० च्या जत्रेच्या रिळात मागची भिंत शाबूत असते. कॅमेरा पालखीबरोबर फिरतो आणि पालखीच्या मागून भिंत सरकत जाते. एकेक फ्रेम काढून जोडल्या तर अख्ख्या भिंतीचे चित्र हाती लागते.

कुर्डीही तशीच. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरले की लोक उरल्यासुरल्या अवशेषांत जाऊन बसतात. धरणाआधीचे कुर्डीचे एखादे रीळ कुणाकडे असेल, तर त्यात मोगूबाई नसल्या तरी चालेल.

पोर्तुगीज काळातले चित्रीकरण कुठे बघावे?

लिस्बनच्या सिनेमातेकामध्ये, म्हणजे तिथल्या चित्रपट संग्रहालयात. तिथे १९३८ ते १९५१ चे ‘जोर्नाल पोर्तुगेश’ आणि १९५३ पासूनचे ‘इमाजेन्स द पोर्तुगाल’ हे वृत्तपट जपलेले आहेत, आणि बरेचसे इंटरनेटवर बघायला मिळतात. पाहताना एक लक्षात ठेवा: ते सरकारी वृत्तपट होते. त्यांना दाखवायचे होते ते चर्च, परेड आणि गव्हर्नर. देवळे दिसली तरी दुरून. पण कॅमेऱ्याला कोपरे कापता येत नाहीत. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या १९५२ च्या शवदर्शनाच्या काळातली जुन्या गोव्याची दृश्ये कुठे सापडली, तर वेद्या, चांदीकाम, कापडे यांच्याकडे बघा. मुक्तीनंतरच्या काळासाठी फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट आहेत. फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हे दोन्ही आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसीत) विलीन झाले आहेत. शोधताना ‘गोवा’, ‘गोआ’, पोर्तुगीज गावनावे आणि कलाकाराच्या आडनावाची सगळी रूपे घालून बघा. पणजीचे ‘पांजिम’, फोंड्याचे ‘पोंडा’, मडगावचे ‘मार्गांव’, म्हापशाचे ‘मापुसा’. अर्धी कामे इथेच अडतात.

रीळ कोणत्या जातीचे आहे, कसे ओळखू?

पट्टीने रुंदी मोजा. १६ मिलिमीटर असेल तर व्यावसायिक किंवा सरकारी काम, नाहीतर श्रीमंत घर. ८ मिलिमीटर असेल तर भोकांकडे बघा. भोके मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतील तर साधे आठ (१९३२ पासून), बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतील तर सुपर आठ (१९६५ पासून). भोके पट्टीच्या मधोमध असतील तर ते साडेनऊ, फ्रेंच पाथे कंपनीचे, आणि तुम्ही आमच्याकडे ताबडतोब या.

५० फुटांचे साधे आठ म्हणजे जेमतेम चार मिनिटे, सुपर आठ तीन मिनिटे वीस सेकंद, आणि १६ मिलिमीटरचे ४०० फूट म्हणजे अकरा मिनिटे. ‘अख्खा लग्नसोहळा’ असे लिहिलेल्या डब्यात चार मिनिटे निघाली की घरचे हिरमुसतात.

३५ मिलिमीटर सापडले आणि ते १९५० च्या आधीचे वाटले, तर घरात ठेवू नका. ते नायट्रेट असू शकते. नायट्रेट पेट घेतो आणि पाण्यानेही विझत नाही, कारण जळताना तो स्वतःचा प्राणवायू स्वतःच काढतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना लागलेली आग अजून या क्षेत्रातल्या लोकांच्या बोलण्यात येते. आठ आणि सोळाची चिंता नको, ती सुरुवातीपासून सुरक्षित पट्टीवरच निघाली.

डबा उघडला तर विनाग्रीचा (व्हिनेगरचा) वास येतो. फेकून देऊ?

अजिबात नको. आजारी माणसाला आपण फेकतो का? हा ॲसिटेट पट्टीचा आजार. पट्टी सडताना आम्ल सोडते आणि ते आम्ल सडणे आणखी वाढवते. एकदा सुरू झाले की मागे जात नाही, फक्त मंदावता येते. वासाचे रीळ बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि स्कॅनच्या रांगेत पहिल्या नंबरला घाला. पट्टी आखडते, भोके जागा सोडतात, मग कुठल्याच मशीनला ती मानवत नाही. ‘ए-डी’ कागदपट्ट्या मिळतात, त्या डब्यात ठेवल्या की निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पिवळी झाली तर आज, उद्या नाही.

घरात जुना प्रोजेक्टर आहे, लावून बघतो.

नका.

आमच्यातल्या एकाने बघितले होते. त्याच्या आजोबांच्या रिळात मूर्ती करणारे थोरले काका होते. दहाव्या सेकंदाला फिल्म गेटमध्ये अडकली, दिव्याने मधोमध तपकिरी फोड आला, आणि काकांच्या चेहऱ्याच्या जागी आता भोक आहे. आम्ही स्कॅन केले तेव्हा ते भोक तसेच ठेवले, पुसले नाही. रीळ हाती घेऊन खिडकीच्या उजेडात सुरुवातीचे दीड फूट बघा, कडेला धरून. तेवढे पुरे.

गोव्याच्या पावसात कसे ठेवायचे?

आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी असे पुस्तक सांगते आणि आपल्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. करता येण्यासारखे एवढेच: गंजलेला पत्र्याचा डबा काढून प्लास्टिकचा डबा वापरा. रबर बँड, डांबरगोळ्या, वर्तमानपत्राचा कागद काही आत नको. माळा, देव्हाऱ्यामागची भिंत, स्वयंपाकघराजवळचे कपाट या तिन्ही जागा वाईट. माळ्यावर ऊन लागते, देव्हाऱ्याच्या भिंतीत पाणी झिरपते, स्वयंपाकघरात वाफ. घरातली जी खोली उन्हाळ्यात सगळ्यात थंड असते, तिथे जमिनीपासून हातभर वर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायचे असेल तर आधी दोन बंद पिशव्या, आत सिलिका जेल, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर पाण्याचे थेंब थेट फिल्मवर धरतात. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. ती ओलाव्याबरोबर फिल्मच्या थरात शिरते.

रीळ कधीचे आहे हे तुम्ही कसे ठरवता? आजी म्हणते १९५५, मावशी म्हणते १९६५.

दोघी बरोबर असू शकतात, आठवण अशीच असते. आम्ही आधी फिल्मच्या कडेला बघतो. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हे असतात, त्यावरून फिल्म तयार झाल्याचे वर्ष कळते. पण तीच चिन्हे दर २० वर्षांनी पुन्हा येतात. म्हणजे १९४८ आणि १९६८ सारखेच दिसते, आणि फिल्म तयार झाल्यावर कपाटात तीन वर्षे पडूनही राहिलेली असते.

मग पार्श्वभूमी. बाँ जेझूची बॅसिलिका पांढरी, चुन्याने गिलावा केलेली दिसली तर रीळ जुने, कारण १९५० च्या दशकाच्या सुमारास तो गिलावा उतरवून चिरा उघडा केला गेला. पणजीत सेक्रेटरिएटजवळ आबे फारियाचा पुतळा दिसतो? मग १९४५ नंतरचे. मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला. कामत यांना घडवताना कुणी टिपले असते तर! जुन्या गोव्यात पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळा उभा दिसतो, तर १९६० आणि १९८३ यांच्या मधले. स्फोटाने त्याला इजा झाली होती आणि पुढे तो पुराणवस्तू संग्रहालयात गेला. मांडवीवर पूल नसेल आणि फेरी दिसत असेल तर १९७० च्या आधीचे, किंवा मग १९८६ चा पूल कोसळल्यानंतरचे आणि १९९२ च्या नव्या पुलाआधीचे. इथे फसायला होते. साड्यांवरून ठरवा. मोटारींच्या पाट्यांवर ‘जीडीए’ असेल तर मुक्तीनंतरचे आणि ‘जीए’ असेल तर घटक राज्य झाल्यानंतरचे, म्हणजे १९८७ नंतरचे.

प्रदर्शनाचे रीळ असेल तर तारीख वर्तमानपत्रात मिळते. १९६२ पासून ‘गोमन्तक’ आहे, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांसाठी पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. दुपारी तिथे शांत असते.

काळ्यापांढऱ्या रिळाला रंग भरून द्याल का? आता मोबाईलवर होते म्हणे.

लग्नाच्या रिळाला हवे तर करा, साडीचा रंग चुकला तर कुणाचे काही बिघडत नाही. चित्र, मूर्ती किंवा भिंत दिसत असेल तर नाही. यंत्र अंदाज करते, आणि रंग म्हणजे तर कलावंताचे म्हणणे. शिवाय काळ्यापांढऱ्या फिल्मनेही सगळे रंग सारखे धरलेले नसतात. १९२० चे दशक संपेपर्यंत चालत असलेल्या जुन्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, तो काळा पडे आणि निळा पांढरा. त्या फिल्मवर कावीची भिंत काळीठिक्कर दिसेल. पुढच्या फिल्मना तांबडा दिसू लागला. हे ठाऊक नसताना भरलेला रंग खोटा निघतो.

रंगीत फिल्मच्याही तऱ्हा. कोडाक्रोम अंधारात पन्नास वर्षे राहूनही टवटवीत निघतो. कित्येक स्वस्त रंगीत फिल्म मात्र गुलाबी पडतात, आकाश गुलाबी, आजोबा गुलाबी. अशा फिल्मवरून एखाद्या चित्राचा मूळ रंग ठरवू नका आणि लिलावात पुरावा म्हणून तर मुळीच दाखवू नका.

आवाज का नाही? आणि सगळी माणसे पळताहेत का?

घरगुती आठ मिलिमीटरच्या बहुतेक फिल्मना आवाज नव्हताच. पळणे आमच्या नाही, आधी ज्यांनी स्कॅन केले त्यांच्या चुकीमुळे. साधे आठ मिलिमीटर सहसा सेकंदाला १६ चौकटींनी टिपलेले असते, ते २५ ने चालवले की पालखी धावते. गती बदलून घ्या. मूर्तिकाराचा हात बघायचा तर गती बरोबर हवीच.

केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेला आणि आम्ही अजून गावच्या एका जत्रेचे मूक रीळ ऐकू येईल या आशेने कान लावून बसतो.

व्हीएचएस आणि हाय-आठ कॅसेटींचे काय?

तीच कथा, पण वेळ कमी. टेप फिल्मपेक्षा लवकर मरते आणि चालवणारी मशीन त्याहून लवकर. १९८० आणि १९९० च्या दशकांतली चित्रप्रदर्शने, कला अकादमीतले कार्यक्रम, घरगुती मुलाखती याच कॅसेटींत आहेत. कला अकादमीच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियोनी गॅलऱ्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले होते. तिथे झालेल्या कुठल्याही नाटकाच्या कॅसेटमध्ये कॅमेरा एकदा तरी बाजूला वळतोच. टेप चिकट झाली असेल तर चालवून बघू नका, आधी विचारा.

हक्क कोणाचा? मी यूट्यूबवर टाकू?

भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, सरकारी कामाचाही ६० वर्षे. म्हणजे १९६१ चा वृत्तपट आता मोकळा. चित्राचा हक्क चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षे. त्रिंदाद यांची चित्रे मोकळी आहेत, फोन्सेका यांची २०२७ संपेपर्यंत नाहीत, गायतोंडे आणि सूझा यांची तर २०६० च्या पुढेच. चित्रीकरणात पार्श्वभूमीला ओझरते चित्र दिसले तर कायदा सहसा हरकत घेत नाही, पण त्या फ्रेमचा मोठा छापील फोटो विकायला काढलात तर वेगळी गोष्ट. घरगुती रीळ असेल तर ज्यांनी टिपले त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या. आणि एक कायद्यात नसलेली गोष्ट: चित्रीकरणात दिसणाऱ्या बाईला किंवा तिच्या मुलीला विचारा.

रीळ दिले तर मूळ परत मिळेल?

मिळेल, आणि स्कॅनही मिळेल. स्कॅन झाला म्हणून मूळ फेकायचे नाही. आमचे आजचे स्कॅन दहा वर्षांनी भिकार ठरतील, मूळ तेवढे राहायला हवे. डबा, वरचे चिठोरे, फिल्मच्या सुरुवातीला शाईने खरडलेले अक्षर, सगळे तसेच राहू द्या. एका डब्यावर फक्त ‘दादा, मूर्ती, पाऊस’ एवढे लिहिले होते, आणि तेवढ्यावरून सगळे उलगडले.

आजीला माणसे ओळखता येतात, पण ती थकते. काय करावे?

सकाळी बसा, चहानंतर. एका वेळी चारच मिनिटे दाखवा आणि फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करत राहा. ‘हा कोण’ असे विचारू नका, ती परीक्षेला बसल्यासारखी होते. गप्प बसा. ती आपण होऊन बोलते: हा आमचा विठू, हा पाट कुणी केला, ही भिंत पुढे पाडली. गणपती रंगवणारा दिसला की थांबवा आणि ती डोळ्याला पदर लावेपर्यंत पुढे नेऊ नका.